विमलाकाकीचे वाढीव नारळ

नात देशाच्या संघात गेली ही बातमी विमलाकाकीने सगळ्यात आधी टिपणिसांना सांगितली, आणि ते मुद्दामच. सख्खा दीर लवू शेजारच्या विंगेत राहतो, त्याला ती दुसऱ्या दिवशी कळली. मुलीच्या मामाला तर चौथ्या दिवशी. पण विद्याधर टिपणीस हे नाहूरच्या नंदादीप सोसायटीचे सेक्रेटरी, आणि गेली तीन वर्षं पार्किंगमधल्या खांबावर त्यांच्या सहीची एक नोटीस चिकटलेली आहे: 'संस्थेच्या वाहनतळात चाके असलेली पादत्राणे वापरण्यास सक्त मनाई आहे.' सोसायटीत चाकं असलेली पादत्राणं एकाच मुलीकडे होती. नाव न घेता अपमान करायचा ही टिपणिसांची खासियत. विमलाकाकी अपमान करताना नाव, आडनाव आणि फ्लॅट नंबर तिन्ही घेते.

तिचं शिक्षण मालवणकडच्या शाळेत चौथीपर्यंत, त्यातली चौथी दोनदा. ती नोटीस तिने बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत, येणारे-जाणारे थांबतील इतक्या मोठ्याने वाचली होती आणि विचारलं होतं, "म्हणजे तुमच्या मिसेसची चाकवाली भाजीची पिशवी चालते, आणि आमच्या दिशाचे बूट चालत नाहीत?"

"पिशवी हे पादत्राण नव्हे, राऊळबाई," टिपणीस म्हणाले होते.

तेव्हापासून दिशा मुलुंडला स्केटिंगला जायला लागली, तिथून लडाखच्या शिबिराला, आणि तिथून आता थेट आशिया खंडाच्या बर्फ-हॉकी स्पर्धेत, भारताची गोली म्हणून.

"टिपणीस, तुमचे उपकार झाले हो," विमलाकाकीने त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. "तुम्ही हाकललंत म्हणून पोरगी देशाच्या टीमात गेली."

"अरे वा, अभिनंदन. कुठल्या खेळात?"

"हॉकी. बर्फावरची."

"बर्फावरची? पण आपल्याकडे बर्फ असतो कुठे?"

"मासेवालीकडे," विमलाकाकी म्हणाली आणि आपल्या मजल्यावर उतरून तिने लिफ्टचं दार असं ओढलं, की टिपणीस पुढचे दोन मजले विचार करत गेले.

खरं सांगायचं तर खेळ तिलाही कळला नव्हता. पण आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही हे सोसायटीला कळू द्यायचं नाही, एवढा एक नियम तिने या बिल्डिंगमध्ये आल्यापासून पाळला होता. तिचे यजमान गिरणीच्या टीममधून कबड्डी खेळायचे. त्या कबड्डीवर तिने बर्फाची हॉकी बसवली. "सहा-सहा गडी. चूक केली की दोन मिनिटं बाहेर, कबड्डीत मेलेला बसतो तसं. मग जिवंत होऊन परत आत यायचं. चेंडू नसतो. रबराची चकती असते, पुरीएवढी, पण लागली तर दात हातात."

"आणि आपली दिशा काय करते काकी?" समोरच्या फ्लॅटमधल्या राधा गायकवाडने विचारलं.

"ती घर राखते," विमलाकाकी म्हणाली. यापेक्षा सोपं कुणी सांगावं!

मग सल्ले सुरू झाले. पायांना मोहरीचं तेल लावून बर्फावर उभं राहावं. बर्फावर उभं राहूच नये, सांधे धरतात. राधाने सुंठ आणि वेखंड पुडीत बांधून दिलं आणि तिचा नवरा धोंडिराम आपल्या अनुभवाचं गाठोडं घेऊन आला. "गोलीने जागचं हलायचं नाही. हलला की गेला. मी शाळेत गोली होतो, एकदासुद्धा हललो नाही."

"मग किती गोल झाले?"

"तेव्हा मोजत नव्हते," धोंडिराम म्हणाला.

परदेशात पोचल्यावर दिशाचा फोन आला. फोनमध्ये मागे पोरींचा कालवा, त्यात आवाज तुटत होता. "आजी, सरावाच्या मॅचला मी एकतीस सेव्ह केले!" विमलाकाकीला ऐकू आली ती शेव. परमुलखात पोरगी शेवेवर दिवस काढते आहे हे ऐकून तिचा जीव कासावीस झाला. "शेव कमी खा गो बाय," ती ओरडली, "तेलकट असता, घसो धरतलो!" पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. या एका शेवेने पुढे काय केलं ते येईलच.

भारताचा सामना रविवारी सकाळी साडेअकराला होता. विमलाकाकीने ठरवलं, की तो घरात बसून बघायचा नाही. मुलाचा, म्हणजे दिशाचा बाप निलेश याचा, मोठा टीव्ही खाली पार्किंगमध्ये लावायचा, त्या नोटिशीच्या खाली, आणि सगळ्या सोसायटीने बघायचा. टिपणिसांनी तर पहिल्या रांगेत बसून बघायचा.

"अर्ज द्या," टिपणीस म्हणाले.

निलेशने अर्ज लिहिला. विषय: बर्फावरील हॉकी सामना सामूहिकरीत्या पाहणेबाबत. तो परत आला, कारण 'सामूहिकरीत्या' म्हणजे किती जण ते नमूद नव्हतं. दुसरा अर्ज परत आला, कारण पहिल्या अर्जाचा संदर्भ नव्हता. तिसऱ्या वेळी टिपणीस स्वतः वर आले. चहा घेतला, आणि म्हणाले, "अडचण फरशीची आहे. पार्किंगला आत्ताच नवीन फरशी बसवली. मी स्वतः पसंत केली, चेहरा दिसतो इतकी गुळगुळीत. तिथे बर्फ वगैरे आणलात तर..."

"काका," निलेश शांतपणे म्हणाला, "बर्फ टीव्हीत आहे."

"असेल. तरी लेखी असलेलं बरं."

आणि म्हणून नंदादीप सोसायटीच्या फायलीत आजही एक हमीपत्र आहे, की सदर सामन्यातील बर्फ संस्थेच्या आवारात सांडणार नाही. त्याखाली विमलाकाकीची सही आहे. सही करताना ती म्हणाली, "सांडला तर पुसून घेईन म्हणून पण लिहा." टिपणिसांनी तेही लिहून घेतलं.

एवढ्यात वॉर्डातले श्यामसुंदरभाऊ येऊन गेले. गेल्या दोन निवडणुकांपासून ते 'भावी नगरसेवक' आहेत, आणि भावी असण्याचा त्यांना आता चांगला सराव झाला आहे. "मावशी, आपली मुलगी देशासाठी खेळते आणि गेटवर फ्लेक्स नाही? वाट लागली ना यार आपल्या वॉर्डाची!" दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. त्यात श्यामसुंदरभाऊ दाराएवढे, हात जोडून. खाली त्यांचे बारा कार्यकर्ते, प्रत्येकाचा गॉगल वेगळा. आणि कोपऱ्यात दिशा, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी. वर लिहिलेलं, 'बर्फी हॉकी संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

"माझ्या नातीला पिंजऱ्यात घातलंय," विमलाकाकी म्हणाली, "आणि ह्याचं थोबाड मोकळं सोडलंय."

बर्फीची दुरुस्ती काही झाली नाही. सी विंगेतल्या दोघी जणी मात्र स्पर्धेला नावं द्यायला वर आल्या, एक आंब्याची बर्फी घेऊन आणि एक दुधीची. विमलाकाकीने दोन्ही चाखल्या, दुधीत साखर जास्त आहे असं सांगितलं आणि मग त्यांना खेळ समजावला.

रविवार उजाडला. पार्किंगमध्ये तीन नंबरच्या खांबाशी सोसायटीचा छोटा देव्हारा आहे, समोर पाच नंबरच्या खांबाला टेकून टीव्ही, मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सामन्याआधी गाऱ्हाणं घालायचं हे तर ठरलेलंच होतं. कोकणातला माणूस नवीन फ्रीज घेतला तरी देवाला गाऱ्हाणं घालून सांगतो, इथे तर देशाचा प्रश्न. लवूचा आवाज गाऱ्हाण्यासाठीच घडवलेला. त्याने पाटावर तांदूळ, पानाचा विडा, एक नारळ ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी पार्किंग ओरडली.

"आज जा काय लेकरू परमुलखात बर्फार उभा रवला हा, तेच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टिपणीस पहिल्या रांगेत होते. हा प्रकार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला आणि त्यांना तो इतका आवडला, की दुसऱ्या खेपेपासून सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. फक्त ते 'होय महाराजा' म्हणत होते, शुद्ध.

लवू वळून हळूच म्हणाला, "वैनी, नारळ किती बोलू?"

"जिंकली तर पाच."

टिपणीस खाकरले. "राऊळबाई, ती गोलकीपर ना? मग जिंकण्याशी तिचा काय संबंध? गोल तिने मारायचाच नसतो. अडवला तर एखाददुसरा अडवेल बिचारी."

मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. विमलाकाकीच्या मस्तकात सणक गेली. गोली म्हणजे काय, तर चार-पाच वेळा चकती येणार, पोरगी तीनदा अडवणार, अशी तिची समजूत. एकतीसचा आकडा तिच्या कानावर आला होता, पण तो शेवेच्या खात्यात जमा झाला होता.

"बोला भावजी!" ती उभी राहिली. "माझी नात जितके अडवेल, तितके नारळ ह्याच जागी, ह्याच फरशीवर वाढवीन!"

लवूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पण गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही. त्याने ते तसंच देवाला सांगितलं.

"होय महाराजा!" टिपणीस गरजले.

"आये," निलेश कपाळाला हात लावून कुजबुजला, "एका मॅचला सेव्ह किती होतात माहीत आहे का तुला?"

"शेवेचं काय मधेच?" विमलाकाकी म्हणाली. "गप बस, सुरू झालं."

समोरचा देश असा, की त्याचं नाव लवूने तीनदा उच्चारलं आणि तिन्ही वेळा वेगळं. पोरी एकेक माडासारख्या उंच. शिट्टी झाली आणि पहिल्याच मिनिटाला चकती दिशाच्या पायावर आपटून परत गेली. "वाढला!" विमलाकाकी ओरडली. टाळ्या पडल्या. पुन्हा आली, दिशाने हातात पकडली. "वाढला!" मग काठीवर, खांद्यावर, गुडघ्यावर, पोटावर. लवू पाटावरचे तांदळाचे दाणे एकेक करून बाजूला सरकवत होता. पाच मिनिटांत नऊ दाणे झाले, तेव्हा राधा म्हणाली, "काकी, हे काय होतंय?"

"काय होतंय? अडवतेय," विमलाकाकी म्हणाली. पण 'वाढला' आता ती जरा हळू म्हणत होती.

पहिल्या वीस मिनिटांनंतर विश्रांती झाली. समोरच्यांचे गोल तीन, आपला एकही नाही, आणि लवूने दाणे मोजून सांगितलं, "वैनी, एक वीस नि वर तीन." असे खेळाचे अजून दोन तुकडे बाकी होते. धोंडिरामने सुचवलं, की पुढचे अडवलेले धरू नयेत, विश्रांतीनंतर नवीन मॅच समजावी. कुणी म्हणालं, हातात पकडलेले धरावेत, अंगावर आपटलेले सोडावेत. टिपणीस आपल्या बोटांवर फक्त गोल मोजत होते. दुसऱ्या तुकड्यात त्यांचा एक हात संपला.

तिसऱ्यात चकती थेट दिशाच्या तोंडावरच्या जाळीला लागली. पोरगी मागे कोसळली. खुर्च्या करकरल्या. विमलाकाकीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. दिशाने उठून जाळी वर केली, पाणी प्यायली. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले. मग पुन्हा वाकून, गुडघे किंचित मोडून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. याच पार्किंगमध्ये, चार आणि पाच नंबरच्या खांबांच्या मध्ये, ती अशीच उभी राहायची. लवू टेनिसचा बॉल मारायचा, आणि विमलाकाकी देव्हाऱ्याशी वाती वळत बसायची.

"वाढला," ती म्हणाली. आता पुन्हा मोठ्याने. "भावजी, दाणो सरकवा. बघतास काय!"

सामना नऊ-शून्यने गेला. लवूने दाणे दोनदा मोजले. "दोन कमी तीन विसा," तो म्हणाला. अठ्ठावन्न.

शेवटी भारताकडून उत्तम खेळाडू म्हणून दिशाच्या हातात एक छोटी पेटी दिली. "उत्तेजनार्थ असतं ते," टिपणीस खुर्चीवरून उठत म्हणाले. "दोन्ही संघांतल्या एकेकाला देतात. हार-जीत चालायचीच, राऊळबाई. पण नऊ म्हणजे जरा... असो." खुर्च्या आवरेपर्यंत श्यामसुंदरभाऊंची माणसं येऊन फ्लेक्स उतरवून गेली. संध्याकाळी त्या जागी भाऊंच्या मेहुण्याचा वाढदिवस लागला. श्यामसुंदरभाऊ तेच होते, दाराएवढे. कोपरा तेवढा बदलला होता.

नारळांची बातमी सोसायटीभर झाली. घरी येऊन प्रत्येकाने विमलाकाकीला देवाच्या वतीने सवलत देऊन टाकली. एक नारळ वाढवून अठ्ठावन्न वेळा नमस्कार करावा. अठ्ठावन्न सुपाऱ्या ठेवाव्यात. राधा तर म्हणाली, "काकी, पाच वाढवा नि मोकळ्या व्हा. देव काय स्कोर बघत बसलाय?"

"देव बसला नसेल गं," विमलाकाकी म्हणाली, "टिपणीस बसलाय."

तरी दुपारी पलंगावर आडवी पडल्यावर तिलाही वाटलं, पाच पुरेत का? हरलेल्या सामन्याचे अठ्ठावन्न नारळ म्हणजे आपणच आपली वरात काढायची. तेवढ्यात दिशाचा फोन आला. आवाज बसलेला.

"आजी, नऊ खाल्ले गं मी."

"आणि अठ्ठावन्न अडवले ते कोणी? टिपणिसाने?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "तू मोजलेस?"

"सगळ्या बिल्डिंगीने मोजले."

"इथे कुणी विचारलं पण नाही, आजी. सगळे नऊच म्हणतात. अठ्ठावन्न सेव्ह..."

"थांब," विमलाकाकी उठून बसली. "सेव्ह म्हणजे अडवलेला?"

"मग? तुला काय वाटलं?"

विमलाकाकीने ते सांगितलं नाही. तिने निलेशला हाक मारली आणि चप्पल घातली.

नारळवाल्याने विचारलं, "काकी, लग्न आहे की देवळाचा कळस?" तिने सांगितलं, "घर राखलंय." रिक्षाने दोन खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या खांबाशी नारळांचा डोंगर उभा राहिला, लवू दगड घेऊन बसला आणि सोसायटी घरातली भांडी घेऊन खाली आली. निलेशने फोनवर दिशाला लावून सगळं दिसेल असा धरला.

टिपणीस धावत आले. "हे काय? एवढे नारळ? लेखी परवानगी कुठे आहे?"

"तोंडी आहे," विमलाकाकी म्हणाली. "होय महाराजा म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं होतं?"

टिपणिसांनी आजूबाजूला पाहिलं, तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते, देव्हाऱ्यातला गणपतीसुद्धा.

"देवापुढे शब्द दिलात तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हाला मोजायची हौस आहे ना? गोल मोजलेत, आता हे मोजा."

आणि विद्याधर टिपणीस मोजायला लागले. नारळ फोडला असं म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, आणि लवू एकेक वाढवत गेला. एक, दोन, तीन. पाण्याला पातेली धरली, पातेली भरली, पाणी फरशीवर आलं. वीस झाले तेव्हा मोजताना टिपणिसांचा आवाज पुटपुटता होता. चाळीस झाले तेव्हा त्यांना लय सापडली होती. फोनमधून दिशाही मोजत होती. श्यामसुंदरभाऊ गर्दी बघून फोटोला आले, तर विमलाकाकीने त्यांच्यापुढे खवणी सरकवली. ते जाग्यावर बसले आणि खोबरं खवायला लागले. इतकं उपयोगाचं काम वॉर्डाने त्यांना प्रथमच करताना पाहिलं.

"छप्पन्न! सत्तावन्न! अठ्ठावन्न!" टिपणीस ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. टिपणिसांचं भान सुटलं. आता दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, आपण स्वतः पसंत केलेल्या, चेहरा दिसेल इतक्या गुळगुळीत फरशीवर, अठ्ठावन्न नारळांच्या पाण्यात.

टिपणीस निघाले. आधी एक पाय गेला, मग दुसरा त्याच्या मागोमाग, आणि हात पंख्यासारखे फिरवत, ताठ उभे, ते तीन नंबरच्या खांबापासून थेट धोंडिरामच्या स्कूटरच्या दिशेने घसरत सुटले. त्यांच्या पादत्राणांना चाकं नव्हती, त्यामुळे नोटिशीचा भंग झाला असं म्हणता येणार नाही.

"अरे धरा त्यांना!" राधा किंचाळली. सगळे धोंडिरामसारखे जागच्या जागी उभे.

विमलाकाकी तेवढी हलली. गुडघे दुखतात तिचे, देवळाच्या चार पायऱ्यांना ती दोनदा थांबते. पण ती चार आणि पाच नंबरच्या खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, किंचित वाकून, गुडघे मोडून, दोन्ही हात पसरून. टिपणीस येऊन तिच्या खांद्यावर आदळले. ती एक पाऊल मागे गेली आणि थांबली. टिपणीसही थांबले. त्यांचा चष्मा पुढे घसरत जाऊन स्कूटरच्या चाकाला टेकला.

मग निलेशच्या हातातल्या फोनमधून दिशाची किंकाळी आली, "सेव्ह! आजी, काय सेव्ह केलास!"

या वेळी विमलाकाकीला बरोबर ऐकू आलं. तिने एका हाताने पदर सारखा केला, दुसऱ्या हाताने टिपणिसांची कॉलर घट्ट धरून ठेवली आणि देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "पाटावरचो आपलो गाऱ्हाण्याचो नारळ घेवा. अजून एक वाढवा."

लवूने नारळ उचलला आणि, सवयच ती, टिपणिसांकडे पाहिलं.

"व्हय म्हाराजा," टिपणीस बारीक आवाजात म्हणाले.